पहिल्या डाउनचं माप

आमच्या घरी ज्वारी यायची ती मायच्या मजुरीची. सोंगणीच्या दिवसांत ती अकोल्याहून बाळापूरच्या रस्त्याला एका शेतावर जायची आणि शेवटच्या दिवशी मालक खळ्यावर पायलीनं मापून धान्य द्यायचा. बाबा जिनिंगमध्ये कपाशीचे बोजे वाहायचे. कापूस कमी येऊ लागला तसं जिन सहा महिन्यांवरून चारवर आलं, चारवरून दोनवर, आणि एका साली दिवाळीनंतर त्याचं फाटक उघडलंच नाही. बाबा तरी रोज सकाळी त्या बंद फाटकासमोर जाऊन बसायचे. घरात उरली ती फक्त मायची ज्वारी.

खळ्यावर मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. पहिल्या मापाला नाव ठेवायचं नाही, ते कमी आहे असं तोंडातून काढायचं नाही. काढलं तर वर्षाची बरकत जाते, असं सगळे मानतात. आमच्या मालकाला हे पक्कं ठाऊक होतं. पहिली पायली तो अर्धीच भरायचा, झटकन मायच्या पोत्यात ओतायचा आणि स्वतःच मोठ्यानं म्हणायचा, "लाभ!" दुसऱ्यापासून मात्र काठोकाठ.

मी चौथीत होते. "हे तं अर्धंच हाये," मी म्हटलं.

मायनं सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. मालक हसला. "पोरगी हुशार हाये वं तुही," तो मायला म्हणाला, "शाळेत नोको घालू. वाया जाईन."

मी शाळेत गेले. पुढे अमरावतीला वसतिगृहात राहून संख्याशास्त्र घेतलं आणि बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी दहावीचं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं. हे मी आजही सांगते, कोणी विचारलं नाही तरी सांगते.

डिग्री हातात आली आणि वर्षभर काहीच झालं नाही. मग अमरावतीतच, एका बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर काम लागलं. चोवीस कॉम्प्युटर, चोवीस खुर्च्या. अमेरिकेत रविवारी होणाऱ्या फुटबॉलच्या सामन्यांचं चित्रण आमच्याकडे मंगळवारी सकाळी यायचं. पायानं खेळायचा तो फुटबॉल नव्हे. शिरस्त्राण घातलेले, रेड्यासारखे बाप्पे एकमेकांवर आदळतात, तो. एकेक चाल थांबवून पाहायची आणि रकाने भरायचे: कितवा डाउन म्हणजे कितवा प्रयत्न, किती यार्ड बाकी, चेंडू घेऊन पळाले की फेकला, किती यार्ड पुढे गेले, चाल यशस्वी की नाही. तिकडच्या एका गिऱ्हाइकाला ते सगळं लागायचं. कशाला, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही.

मला तो खेळ शिकवला भाईनं. भाई बाळापूरचा, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा. त्याच्या घरचं बैलांच्या साजाचं दुकान होतं. घुंगरं, गोंडे, झुली. लोकांनी बैल विकायला काढले, तशी ती घुंगरं दुकानातच वाजू लागली. भाईनं हॉलमधल्या सगळ्यांनाच शिकवलं होतं आणि सगळे त्याला भाईच म्हणायचे.

"देख बहन," त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं, "चार बार घुसना, दस यार्ड जाना. गये तो फिर चार मौके."

"अन् नाही गेले तं?"

"तीन बार में नहीं गये तो चौथी को लात मारके गेंद सामनेवाले को दे देना."

"बस? एवढ्यासाठी हे एकमेकायच्या अंगावर पडून राह्यले?"

"उनको गिरने की तनख्वाह है," भाई म्हणाला, "अपने को गिनने की. तू गिन."

मी मोजू लागले. पहिला डाउन, दहा बाकी, एकानं चेंडू पोटाशी धरून गर्दीत मुंडी घातली, तीन यार्ड. शेवटच्या रकान्यापाशी माझा हात थांबला.

"भाई, तीनच आले. यशस्वी 'हो' भरू का 'नाही'?"

"आगे गया ना?"

"गेला."

"तो फिर? पहला नाप है, खराब मत बोल. 'हो' भर." त्यांच्याकडेही पहिलं माप मोजताना 'एक' म्हणत नाहीत, 'बरकत' म्हणतात, हे त्यानं हसत हसत सांगितलं.

भिंतीवर नियमांचा इंग्रजी कागद डकवलेला होता. पहिल्या डाउनला दहापैकी निदान चार यार्ड मिळाले तरच 'हो', असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तो कोणी नीट वाचला नव्हता. मीही नाही. सगळी खळ्यावरची पोरं. चेंडू इंचभर पुढे सरकला तरी पहिल्या डाउनला आमचं 'हो'. अर्ध्या पायलीसाठी जिनं थप्पड खाल्ली, तिनं अडीच महिने अर्ध्या पायलीला लाभ म्हटलं.

आमच्यावर एक सर होते, पुण्याहून आलेले. आम्ही बोललो की ते डोळे मिटून घ्यायचे, दात दुखल्यासारखे. "मले, तुले," ते आमची नक्कल करायचे. "ही भाषा आहे की खोकला?" सगळे हसायचे. ज्याची नक्कल व्हायची तोही हसायचा.

हंगाम संपत आला, तेव्हा एका मंगळवारी सरांनी गिऱ्हाइकाचं पत्र वाचून दाखवलं. त्यात एका संघाबद्दल लिहिलं होतं. तुमच्या फाइलप्रमाणे हा संघ पहिल्या डाउनला जवळजवळ कायम यशस्वी आहे. मग हाच संघ सगळ्यांत जास्त वेळा लाथ मारून चेंडू परत का देतो? दोन्ही खरं असू शकत नाही.

"शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय," सर म्हणाले. "नाही दिलं तर हॉल बंद. दिलं तर पुढच्या हंगामाला सहा खुर्च्या राहतील, बाकीच्यांनी घरी जायचं. आणि जो चूक शोधेल त्याची पहिली खुर्ची. कायम. रिपोर्ट तोच लिहील."

सगळ्यांनी भाईकडे पाहिलं. त्याच्याइतका खेळ कोणाला कळत होता? जेवताना तो मला म्हणाला, "ये कुर्सी मिल गई ना बहन, तो अब्बा को बोलूँगा, दुकान का शटर डाल दो अब." आणि त्याच्या डब्यातली अर्धी चटणी त्यानं माझ्या भाकरीवर घातली.

मलाही ती खुर्ची हवी होती. त्याच्याहून जास्त हवी होती असं नाही म्हणत. तेवढीच हवी होती.

दोन दिवस मी त्या एकाच संघाच्या चाली पुन्हा पाहत बसले. त्यांचा प्रशिक्षक म्हणजे आमच्या बाबांसारखा, रोज उठून त्याच फाटकावर. पहिला डाउन आला की डोळे झाकून मधोमध घुसायचं. समोरच्यांनाही ते पाठ झालेलं, ते आधीच तिथे गर्दी करून उभे. तीन यार्ड. आता दुसऱ्या डाउनला सात बाकी. पुन्हा घुसायचं, दोन यार्ड. तिसऱ्याला पाच बाकी. आता चेंडू फेकावाच लागणार हे मैदानात पाणी देणाऱ्यालाही कळायचं. समोरचे फेकणाऱ्याला धरून आडवं करायचे. चौथ्याला लाथ. अन् आमच्या रकान्यात पहिल्या डाउनला: हो.

मग एक दुसरा संघ काढला. तो पहिल्याच डाउनला बरेचदा चेंडू फेकायचा. कधी चेंडू जमिनीवर पडायचा, हाती शून्य. पण झेलला की आठ, नऊ यार्ड. मग दुसऱ्या डाउनला दोनच बाकी, पळा नाहीतर फेका, समोरच्याला काही अंदाजच नाही. शून्य बऱ्याचदा येऊनही हा संघ पुढे जायचा आणि पहिला तीन-तीन करत मरायचा.

भिंतीवरचा कागद मी तेव्हा पहिल्यांदा पूर्ण वाचला. निदान चार. कानाखाली अगदी तशीच वाजली.

ती गुरुवारची दुपार होती. भाई माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसला होता, ओठ हलवत, बोटांवर मोजत. तो भलतीकडे शोधत होता, दुसऱ्या-तिसऱ्या डाउनमध्ये. मी उठून त्याला सांगू शकत होते. सांगितलं असतं तर त्यानं कपाळावर हात मारला असता, हसला असता आणि तडक सरांकडे जाऊन म्हणाला असता, सर, गलती मेरी है, मैंने सिखाया. चूकही त्याची ठरली असती, शोधही त्याचा, खुर्चीही त्याचीच. माणूस तसा होता, म्हणूनच मी त्याला सांगितलं नाही.

मी सरांच्या टेबलाशी गेले.

सरांनी ऐकलं. चार-पाच चाली स्वतः पाहिल्या. मग विचारलं, "हे 'हो' भरायला कोणी शिकवलं?"

आम्ही सगळ्यांनीच भरलं, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. "भाईनं," मी म्हटलं.

सरांनी त्याला हॉलच्या मधोमध उभं केलं. भिंतीवरचा कागद काढून त्याच्या हातात दिला. "वाच. मोठ्यानं." भाई उर्दू शाळेत शिकलेला. तो अडखळत एकेक शब्द वाचू लागला. प्रत्येक चुकीला सर तो शब्द त्याच्यासारखाच उच्चारून दाखवत होते, आणि हॉल हसत होता. मीही हसले. मला हसू आलं नव्हतं, तरी हसले.

"बघा," सर म्हणाले. "अशा माणसाकडून तुम्ही खेळ शिकलात. तुमच्याकडे अर्धी भाकरसुद्धा पूर्ण धरत असतील, नाही?"

याचं उत्तर त्या हॉलमध्ये फक्त माझ्याजवळ होतं. अर्ध्याला पूर्ण आम्ही म्हणत नाही, पायली ज्याच्या हातात असते तो आमच्याकडून म्हणवून घेतो. जिभेवर आलेलं मी गिळलं. खुर्ची अजून मिळायची होती.

भाईला त्याच दिवशी जायला सांगितलं. डबा पिशवीत घालून तो माझ्यापाशी थांबला. "बहन, मुझे पहले बोल देती."

"बोलली असती तं तुमी सरकडे गेले असते."

त्यानं थोडा विचार केला. "हाँ," तो म्हणाला, "जाता."

"मंग?"

त्यानं पिशवी खांद्याला अडकवली. मग जिना उतरून गेला. नंतर तो मला कधी दिसला नाही. बाळापूरच्या बाजारात मी दोनदा गेले, पण बैलांच्या साजाच्या ओळीकडे वळले नाही.

चूक सापडल्याचं उत्तर शुक्रवारी गेलं. त्यानंतर मी हॉलकडून सगळा हंगाम नव्यानं भरून घेतला. तीन आले की 'नाही'. साडेतीनला 'नाही'. मोझरीकडची एक पोरगी सवयीनं 'हो' भरायची. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. कागद तिच्या हातात दिला नाही, एवढंच. ती रडली. "रडून यार्ड वाढत नाही," मी म्हटलं. हे मी सरांकडून शिकले असं म्हणून सुटका करून घेणार नाही. माझं मलाच सुचलं.

रिपोर्ट मी लिहिला. पहिल्या डाउनला तेच ते घुसणं कसं महाग पडतं, तीन यार्डांनंतर पुढच्या चाली कशा बांधल्या जातात, आणि अधूनमधून शून्य पत्करून फेकणारा संघ शेवटी पुढे का जातो, हे साध्या शब्दांत मांडलं. गिऱ्हाइकाचं एका ओळीचं उत्तर आलं: काम चालू ठेवा.

अकोल्याला घरी गेले. मूर्तिजापूर मागे पडल्यापासून मी मनात वाक्यं जुळवत होते. बाबा बाजेवर होते. त्यांना सगळं सांगितलं, पेढे दिले. ते म्हणाले, "म्हणजे गोरे लोकं पडतात, अन् तू मोजते?"

"हाव."

"अन् याच्यासाठी पंधरा वर्सं शिकवलं तुले?" पेढा मात्र खाल्ला त्यांनी.

मायला मी रांधणीत गाठलं आणि भाईनं शिकवलेल्या पहिल्या डाउनचं सांगितलं. तिला खेळ कळला नाही, माप लगेच कळलं.

"मंग तू तुह्या मालकाले सांगतलं, का हे अर्धं हाये?"

"सांगतलं."

ती भाकर थापत राहिली. "मी तुले मारलं होतं तवा," ती म्हणाली. "मारनंच भाग होतं वं. नाहीतं दुसऱ्या साली त्यानं कामाले बोलावलं नसतं."

"माहीत हाये मले."

"अन् तो पोरगा? ज्यानं शिकवलं तुले?"

"गेला."

मायनं भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. ताट वाढलं तेव्हा भाकर अर्धी मोडून वाढली नाही, अख्खी दिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "खाय."

पुढच्या हंगामाला हॉलमध्ये सहा खुर्च्या राहिल्या. पहिली माझी, कायम. माझ्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि कायमची नोकरी असलेलीही पहिली मीच. घरी ज्वारी आता माझ्या पगाराची आली; त्या सोंगणीला माय शेतावर गेली नाही. त्यानंतर तिनं कोणाच्याच खळ्यावर माप घेतलं नाही.