दोन डेअऱ्यांचा एक प्रोग्रॅम

त्या वर्षी आमच्या संगमनेरच्या घरात, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आला. आमचे हे डेअऱ्यांसाठी दुधाच्या बिलांचा प्रोग्रॅम लिहीत. एका डेअरीने तो घेतला होता. दुसरीनेही घेतला तर ह्यांना घर सोडावे लागणार नव्हते. नाहीतर पुण्याची नोकरी, आणि तिथे जागा मिळेपर्यंत मी इथेच.

दोन्हीकडचे डेटाबेस वेगळे. माहिती ठेवायची रीत वेगळी, मागायची भाषा वेगळी. तरी ह्यांना प्रोग्रॅम एकच हवा होता. मी चौथी शिकलेली, पण घरात ऐकून घेणारी मीच होते. एकदा माझ्या सासऱ्यांचे उदाहरण देऊन म्हणाले, "तू आबांशी कधी बोलतेस का? आईला सांगतेस, आई त्यांना सांगते. माझा प्रोग्रॅमही तसाच. डेटाबेसशी थेट बोलायचं नाही."

मधे बोलणाऱ्याला ते क्लास म्हणत. प्रत्येक डेटाबेसला त्याचा वेगळा क्लास. बाहेरून सगळ्यांना एकच हाक मारायची, आत करायची रीत ज्याची त्याची. डेटाबेस बदलला तर मधला क्लास बदलायचा, बाकी प्रोग्रॅमला पत्ताही लागू नये. मला ते पटले. सासऱ्यांसमोर माझा आवाज कधी निघाला नव्हता, तरी घर चाललेच होते.

पण पहिल्या डेअरीला बिले घाईने हवी होती. तेव्हा बिलाच्या भागात ह्यांनी तो नियम मोडला आणि डेटाबेसला थेट विचारले. तिथे चालले. मग ते तसेच राहून गेले.

दुसऱ्या डेअरीचे चेअरमन आणि मॅनेजर आमच्याच घरी बघायला आले. त्यांच्या पद्धतीचा डेटाबेस ह्यांनी कॉम्प्युटरवर तयार ठेवला होता. मी दाराआड उभी. सभासदांची नावे आली, रोजचे दूध आले. बिल मात्र कोरे निघाले, नुसते रकाने. ह्या डेटाबेसला तारीख वेगळ्या पद्धतीने द्यावी लागे. पहिल्या डेअरीच्या रीतीने थेट विचारलेले त्याला कळलेच नाही.

मॅनेजर कागद उलटसुलट करून म्हणाला, "पंधरवड्यात एक थेंब न्हाई. म्हशी आटल्या व्हय हो?"

चेअरमन हसले. आबाही हसले, ते मला जास्त लागले. हे समजावून सांगत होते, तोवर चेअरमन चहा अर्धा ठेवून उठले. पुढे नको म्हणून निरोप आला.

त्यानंतर ह्यांनी बिलाचा तो भाग पुन्हा नियमाने लिहिला. दोन्ही डेटाबेसवर बिल छापून कागद माझ्या हातात दिले. आकडा न् आकडा सारखा होता.

मी म्हटले, "आता दाखवा की त्यांना."

"आता कोण येतंय," म्हणाले आणि पुण्याची बॅग भरायला लागले.