मला की मळा

चिंचवडहून निघताना पर्समध्ये माझी शाळेतली एक वही होती. घर आवरताना सापडली. लहानपणी सुट्टीत चाकणजवळ आत्याकडे जायचे, तेव्हा कांदे निवडताना ती जी गाणी म्हणायची, ती मी त्यात उतरवली होती. मराठी लिहायचा कंटाळा, म्हणून सगळी इंग्रजी अक्षरांत. आता एक ओळ नीट लागत नव्हती. तिचा शेवटचा शब्द होता एम-ए-एल-ए.

पण जायचं खरं कारण वेगळं होतं. पाचवीत माझ्या वाढदिवसाला वर्गातल्या मैत्रिणी आल्या होत्या. आत्याही आली होती. ती कौतुकाने हेच गाणं गाऊ लागली, आणि मी तिच्या कानात म्हटलं, "प्लीज, हे नको." त्यानंतर ती माझ्यासमोर कधीच गायली नाही. मला ते गाणं तिच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

मोशीला बस ट्रकांच्या रांगेत तासभर अडकली. चाकणच्या पुढे मी चुकीच्या ठिकाणी उतरले. माझी खूण आंब्याच्या झाडाची होती. पंक्चर काढणाऱ्या चाचांना आंब्याजवळचं आत्याचं घर विचारलं.

"आंबा? तिथं कधीच वजनकाटा झाला, बेटा. सरळ जा. कंपनीच्या भिंतीला टेकलेलं निळं घर."

आत्या दारातच होती. "वाट चुकलीस व्हय गं, इंग्लिश मॅडम?"

तिने शेंगोळे (कुळथाच्या पिठाची वेटोळी, तिखट रश्श्यात शिजवलेली) वाढले. खाता खाता मी वही उघडून ओळ वाचली, "पाटाच्या पाण्या, इसरला का मला."

आत्याने हसून पदर तोंडाला लावला. "मला न्हाई गं, मळा! पाण्याला इचारायचं, मळ्याकडं यायचं इसरलास का म्हणून."

पाट म्हणजे शेताला पाणी नेणारा चर. मी इतकी वर्षं जेवायला बसायचा पाट समजत होते.

शब्द सुधारायला मी पेन काढलं. तिने माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. मळा हाय कुठं आता?" खिडकीबाहेर शेडची पत्र्याची भिंत होती. "तुझंच बरूबर."

"आत्या, एकदा म्हण ना."

"मैत्रिणी न्हाई ना आल्या संगं?"

घरात आम्ही दोघीच होतो. मी मान खाली घालून रस्सा ढवळत राहिले. माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "शेंगोळे छान झालेत."

"आणिक घे," ती म्हणाली आणि पातेलं आणायला उठली.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. वही मांडीवर घेऊन मी ती ओळ हलक्या आवाजात म्हणून पाहिली. चाल आठवत होती. शेजारच्या बाईंनी मान वळवून पाहिलं, तशी मी गप्प झाले. आत्याला गप्प करायलाही मला एवढाच वेळ लागला होता.