गायीवरचा आळ

सकाळी न्हाणीघराचं दार उघडलं की हल्ली कडुलिंबाचा वास येतो. झाडाचा नव्हे, ट्यूबमधला. नात तो लेप तोंडाला थापून आरशासमोर उभी असते आणि फोनमध्ये वाचलेलं एकेक कारण मला ऐकवते. उशीचा अभ्रा, चॉकलेट, तळलेलं, जागरण. मी मान हलवते, विश्वास मात्र ठेवत नाही. माझा स्वभावच संशयी. पुटकुळ्यांचं कारण कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, की आता हा कुणाच्या तरी माथी काहीतरी मारणार, अशी पाल मनात चुकचुकते. ही पाल घाटंजीची आहे.

साठ सालच्या आगेमागे आम्ही तिथं राहायचो. बाबा कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होते, त्यामुळे घरात सरकीला तोटा नव्हता. गायीला भिजवलेली सरकी रोज मिळे आणि तिचं दूध दाट, पिवळसर, जाड सायीचं असे. घरात कारभार बाबांच्या थोरल्या बहिणीचा, आमच्या आत्याबाईंचा. आई त्यांच्यापुढे तोंड उघडत नसे. मॅट्रिकच्या वर्षाला ताईच्या गालांवर पुटकुळ्या उठल्या आणि आत्याबाईंची तपासणी सुरू झाली. आधी शेंगदाणे बंद, मग गूळ, मग जवसाची चटणी. गाल होते तसेच. मग त्यांनी ताटावरची नजर काढून ताईवर लावली. ती केस किती वेळ विंचरते, शाळेतून कोणत्या रस्त्यानं येते, खिडकीत का बसते. माझी बहीण खिडकीत बसे, कारण उजेड तिथंच होता आणि तिला भूमिती सोडवायची असे.

"हे उगाच नाही येत पोरीच्या तोंडावर," आत्याबाई बाबांना म्हणाल्या. "मनात कोनी बसला असन तिच्या. लगन लावून टाक, आपोआप जाते."

"आत्याबाई, मी कोनाले पाह्यलं बी नाही," ताई म्हणाली.

"मग तोंड काहून बोलून राह्यलं?"

जिभेनं नाकारता येतं, गालांना कसं गप्प करणार? परीक्षेच्या आधीच ताईचं लग्न झालं, आर्णीला. पुस्तकं तिनं फडक्यात बांधून माझ्या पेटीवर ठेवली. मला तेव्हा आत्याबाईंचा इतका राग आला होता, की त्यांच्या हातचा घास कडू लागे. वर्षभरानं ताई माहेरी आली ती नितळ चेहऱ्यानं. आत्याबाईंनी शेजारणींना बोलावून बोलावून तो चेहरा दाखवला. त्यांचं औषध लागू पडलं होतं ना!

आणि मग माझी पाळी आली. मीही मॅट्रिकच्या वर्षाला पोचले होते आणि गालावर, कपाळावर तेच पीक. दिवाळीत आत्याबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि बाबांकडे पाहिलं. आता माझ्याही लग्नाचं निघणार, हे मला कळलं. बाबांनाही कळलं, ते पानाचा डबा शोधू लागले. ताई तेव्हा माहेरपणाला आलेली, चुलीपाशी बसून दूध तापवत होती. तिथूनच, वर न बघता ती म्हणाली, "आत्याबाई, आमच्या घरी गायीले सरकी नाही देत. निस्ता कडबा. मले वाटते, त्या दुधानंच माहं तोंड साफ झालं. सरकीची उष्णता उतरते दुधात."

जिच्या चेहऱ्याचा दाखला आत्याबाई गावभर देत, तीच सांगत होती. तिला खोटं कसं पाडणार? संध्याकाळपासून आमच्या गायीची सरकी बंद झाली. दूध पातळ झालं, आटलं, बाबांचा चहा काळा झाला. पुटकुळ्या तशाच, पण आत्याबाई म्हणत, जुनी उष्णता आहे, निघायला वेळ लागन. त्या वेळात मी परीक्षा दिली.

मला मात्र ताईचा संशय येत होता. ती खरंच असं मानते, की सासरी राहून तीही आत्याबाईंसारखी झाली? उन्हाळ्यात आर्णीला गेले, तेव्हा हातपाय धुण्याआधी मी गोठ्यात शिरले. दारातच तो ओळखीचा, आंबूस तेलकट वास आला. ताईची गाय टोपल्यात तोंड खुपसून भिजवलेली सरकी खात होती, चांगली कान हलवत.

मागं ताई उभी होती.

"ताई, ही तं सरकी," मी म्हटलं.

"खाऊ दे तिले," ती म्हणाली. "पेपर कसे गेले, ते सांग. भूमितीत काय आलं होतं?"

मी एकेक प्रश्न सांगत गेले आणि ती गोठ्याच्या मातीत काडीनं आकृत्या काढत राहिली. तिला सगळं येत होतं.

पुढे कधीतरी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हे वयाचं असतं, अंगात बदल होतात, थोडा घराण्याचा वारसा. मनात कोण बसलंय याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तोवर ते ताईला सांगून काही बदलणार नव्हतं. आता ताई नाही, आत्याबाई नाहीत, जिनाच्या जागी दुकानं आहेत. आज नातीनं लेप धुता धुता विचारलं, "आजी, तुमच्या वेळी कशामुळे यायच्या गं पुटकुळ्या?"

"सरकी खाणाऱ्या गायीमुळे," मी म्हणाले. नात हसली. त्या मुक्या जनावरावरचा आळ काढून टाकायचं माझ्या मनात अनेकदा येतं, पण ताईनं घातलेला आहे तो, माझ्याच्यानं काढवत नाही.