फुली मारलेली पानं

प्रेमकथांविषयी माझं मत विचारायला सहसा कोणी येत नाही. मी कचेरीत पीकपाण्याचे तक्ते भरणारा माणूस. ज्वारी किती एकरांत, कापूस किती एकरांत, एवढंच मला लोक विचारतात. पण एका हिवाळ्यात मी लागोपाठ अकरा प्रेमकथा मोठ्याने वाचल्या, आणि त्याही माझ्या सासूबाईंना. असं करून बसलेला दुसरा जावई बुलढाण्यात मला अजून भेटलेला नाही. तेव्हा मत द्यायचा थोडा अधिकार मला आहे, असं मी धरून चालतो.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. सासूबाई सोनाळ्याला राहायच्या. त्यांचा एक डोळा बऱ्याच वर्षांपूर्वी गेला होता. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, म्हणून त्यांना आमच्याकडे आणून ऑपरेशन केलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "डोळ्याला टाके आहेत. पंधरा दिवस पट्टी काढायची नाही. डोकं हलवायचं नाही, वाकायचं नाही, खोकायचं नाही. रडायचं नाही, आणि हसायचं तर मुळीच नाही."

"मंग जित्या माणसानं कराचं काय, डाक्टरसायेब?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टर स्वतःच हसले. पण मला बाहेर व्हरांड्यात घेऊन म्हणाले, "हा एकच डोळा आहे. टाका तुटला तर पुढे माझ्या हातात काही नाही."

त्या दिवसापासून हसणं हा आमच्या घरात आजार झाला.

सासूबाईंना वाचनाचं भारी वेड. शिक्षण चौथीपर्यंत, पण किराण्याची पुडी सोडली की आधी तिचा कागद वाचायच्या आणि मग साखर डब्यात. आता दोन्ही डोळ्यांवर पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. दोन दिवस त्यांनी कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी मला हाक आली.

"जावईबापू, काही तरी वाचून दाखवा बाप्पा. जीव उबगला."

"पोथी आणू का, मामी?" सासूबाईंना मी मामी म्हणतो.

"पोथी नोको. ते आखरीच्या टायमाले वाचतेत. कादंबरी आना. पिरमाची."

मी बायकोकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला आणि ती चुलीकडे गेली. तिला वाचायला सांगावं, तर ती तिसऱ्या पानालाच रडायला लागते. काम माझ्यावर आलं.

वाचनालयात मी बारा वर्षांचा सभासद. तोपर्यंत शेतीची पुस्तकं आणि कोश सोडून काही नेलं नव्हतं. हव्या त्या कपाटाकडे बोट दाखवलं तेव्हा ग्रंथपालांनी चष्मा वर केला.

"साहेब, हे ते कपाट नाही."

"हेच आहे."

"घरच्यांसाठी का?"

"सासूबाईंसाठी," मी खरं ते सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. गावात मी खरं बोलणारा म्हणून ओळखला जातो, त्या ओळखीला धक्का बसला तो त्याच दिवशी.

आता अडचण अशी, की वाचायचं ते असं हवं की त्यात हसू यायला नको आणि रडूही यायला नको. शिवाय जावयाने सासूसमोर वाचावं असं हवं. म्हणून मी पद्धत ठरवली. प्रत्येक कादंबरी आधी आपण एकट्याने वाचायची. जे पान गाळायचं, त्याच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक फुली मारायची, पेन्सिल कडक, हात हलका. वाचनालयाच्या पुस्तकावर खूण करायला बंदी आहे हे मला माहीत होतं. परत करताना फुल्या खोडून टाकायच्या, असं मी स्वतःला वचन दिलं.

या निमित्ताने मी कादंबऱ्या बारकाईने तपासल्या. अकरापैकी सात कादंबऱ्यांत नायक-नायिकेची पहिली भेट मोटार बंद पडल्यामुळे होते. मलकापूरहून वर येताना आमच्या घाटात रोज इतक्या मोटारी बंद पडतात, पण त्यातून एकाही ड्रायव्हरचं जमल्याचं मी ऐकलेलं नाही. नऊ नायक काय काम करतात याचा पत्ता लागत नाही. उरलेले दोघे डॉक्टर आहेत, पण दोघांनी मिळून एकही रोगी तपासलेला नाही. नायिका एकूण चौदा वेळा बेशुद्ध पडल्या, आणि एकही दगडावर पडली नाही. ही सगळी माणसं सारखा चहा पितात, जेवतात मात्र क्वचित. एवढं असूनही पुस्तक खाली ठेवावंसं वाटत नव्हतं. पानं तपासायला म्हणून मी पहाटे उठत होतो आणि फुली मारायचं विसरून पुढे जात होतो.

पहिली कादंबरी तीन दिवस सुरळीत चालली. नायिका बागेत उभी होती, नायक फाटकाशी आला होता, तिथे मी थांबलो. पुढच्या सोळा पानांवर फुल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सतरावं पान उघडून वाचायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या असतील.

"थांबा, थांबा, जावईबापू. हे कोन चिंचा मागून राह्यलं?"

"नायिका."

"तिले चिंचा काऊन पायजे?"

मी पुढची ओळ शोधू लागलो.

"डोहाये लागले का तिले?"

"हो."

"काल तं बगिच्यात उभी होती! लगन कवा झालं?"

"मध्ये झालं, मामी."

"झालं? आन मले बलावलंबी नाई?"

हे म्हणून त्यांनाच हसू फुटलं. त्यांनी ओठ दाबले, मुठी आवळल्या, पण पोट हलायला लागलं. बायको धावत आली आणि तिने दोन्ही हातांनी त्यांचं कपाळ धरलं. "आई, हसू नको वं! डोया जाईन!" ते ऐकून त्यांना आणखीच हसू आलं. पट्टीखालून पाण्याची एक धार गालावर उतरली. सासूबाईंचं हसू तिथेच थांबलं.

मी सायकल काढली. डॉक्टरांच्या घरापर्यंतच्या चढावर एरवी मी उतरून चालतो. त्या दिवशी उतरलो नाही. माझ्या फुल्यांपायी एका बाईचा उरलेला डोळा गेला, हे मी कोणाला आणि कसं सांगणार होतो?

डॉक्टर लगेच आले. पट्टी सोडून टॉर्चने त्यांनी बराच वेळ पाहिलं. "टाके जागेवर आहेत," ते म्हणाले. "पण पुन्हा असं चालणार नाही. झालं काय एवढं?"

मी सांगितलं. सगळं. ते औषधाची पेटी घेऊन घाईने अंगणात गेले आणि तिथे बराच वेळ खोकत होते.

मग मी कादंबऱ्या बंद करून रेडिओ लावला. त्या दिवसांत रंगभूमीवरचे एक गाजलेले नट आपल्या आठवणी स्वतःच वाचायचे, रोज सकाळी पंधरा मिनिटं. आवाज भारदस्त, विषय गंभीर. हसायला कुठे जागा नव्हती. पहिल्या दिवशी सासूबाई पाच मिनिटांत झोपल्या. मी खूश. वेळ घालवायला म्हणून मी कागदावर रेघा मारत त्यांचे "मी" मोजले. पंधरा मिनिटांत एकाहत्तर. दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशी, कारण त्या दिवशी विषय त्यांच्या गुरूंचा होता.

नामवंतांनी आपल्या आठवणी आपल्याच तोंडाने वाचाव्यात की नाही, याबद्दल माझं मत चौथ्या दिवशी पक्कं झालं. त्या दिवशी नटांनी लहानपणची गोष्ट सांगितली. आई आजारी, घरात दाणा नाही, हे कामासाठी बाहेर. परत आले तर आई गेलेली. इथे त्यांचा आवाज थरथरला, एक हुंदका आला, आणि पुढे काही क्षण रेडिओ नुसता खरखरत राहिला. माझी बायको रडत होती. मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं.

त्या शांत. म्हणाल्या, "कागद उलटवला त्यानं."

"काय?"

"रडाच्या आंधी. मले आवाज आला. कागद उलटवला, मंग रडला. म्हंजे रडनं पुढच्या कागदावर लिहेल होतं."

बायकोने डोळे पुसायचे थांबवले.

"माय मेली असंन बाप्पा, खोटं नाई म्हनत," त्या पुढे म्हणाल्या. "पन आपल्या घरातली माय गेली तं मानूस कागद हुडकत नाई."

आम्ही दोघं न बोलता उठलो, मागच्या अंगणात गेलो आणि तिथे मोकळेपणाने हसून आलो. त्या मात्र वाळूच्या पिशव्यांमध्ये तशाच पडून होत्या, तोंडावर रेघसुद्धा न हलवता.

परत आलो तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं. "जावईबापू, ते रेडू बंद करा. कादंबरीच बरी. ते खोटं बोलते, पन खोटं बोलून राह्यलो म्हनते. आन पाखडून नोका देऊ मले. सहा लेकरं झाले मले. बगिच्यात काय होते, मले ठाऊक नाई का?"

"पण हसू आलं तर?"

"सोडलेल्या जागीच हसू येते. सारं वाचा, मी हसत नाई. शपत."

त्यांनी डोळ्याची शपथ घेतली. मी पहिल्या कादंबरीची ती सोळा पानं काढली. बायको दाराशी सूप घेऊन बसली आणि तासभर तेच मूठभर तांदूळ निवडत राहिली. मी भिंतीकडे तोंड केलं आणि तालुकावार पेरा वाचतात त्या आवाजात वाचायला लागलो. त्याने तिचा हात हातात घेतला. तिने मान खाली घातली. चंद्र ढगाआड गेला. असं करत सोळाव्या पानापर्यंत पोहोचलो, तेव्हा सासूबाई घोरत होत्या.

पुढच्या दहा कादंबऱ्या मी एकही ओळ न गाळता वाचल्या, पट्टी सुटल्यावरही चष्मा येईपर्यंत. पंधराव्या दिवशी पट्टी सुटली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, त्यांनी बरोबर मोजली. पण बारीक अक्षर दिसेल की नाही, हे चष्मा आल्यावरच कळणार होतं, आणि चष्म्याला दीड महिना होता.

दरम्यान पुस्तकं परत केली. फुल्या खोडायला बसलो, तर रबराने कागद खरबरीत होत होता. दोन खोडल्या आणि बाकीच्या तशाच राहू दिल्या. इतक्या फिक्या फुल्या कोणाला दिसणार?

महिन्याभराने ग्रंथपाल म्हणाले, "साहेब, तुम्ही पहिली नेलेली ती कादंबरी. दहा वर्षं कपाटात पडून होती. आता परत आली की दुसरा उभाच. आणि वाचून दुसऱ्या दिवशी परत. एवढं जाड पुस्तक, एका दिवसात कसं वाचतात, कळत नाही." मी घाईने बाहेर पडलो. फुल्यांचं मी या लेखात प्रथमच सांगतो आहे.

चष्मा आला त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "तेच पुस्तक आना, चिंचावालं." नंबर लावून मी ते आणलं. अंगणात त्यांना खाटेवर बसवलं. काचा बोटभर जाड. त्यांनी पुस्तक लांब धरलं, जवळ घेतलं, पुन्हा लांब धरलं. बायकोने माझी बाही धरली होती. मला डॉक्टरांच्या घराकडचा तो चढ आठवला.

"दिसते का, आई?" बायकोने विचारलं.

त्यांनी पुस्तक आणखी जवळ नेलं. मग पानाच्या कोपऱ्यावर त्यांनी नख टेकवलं.

"हे फुली कोनाची हो, जावईबापू?"

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत चूक पकडली गेल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. बायको रडत होती, आणि आता तिला कोणी अडवत नव्हतं.

सासूबाईंनी पान उलटलं. पुन्हा फुली. पुढे आणखी. सोळाही पानं त्यांनी बोट ठेवून मोजली. "दोन खोडेल दिसतेत," त्या म्हणाल्या. मग चष्मा नाकावर नीट बसवला, बागेचं पान काढलं आणि समोरच्या पाटाकडे हात केला.

"बसा. तुमी लय वाचलं. आता मी वाचतो, तुमी आयका. आन भिंतीकडे तोंड नोका करू."

मी बसलो. त्यांनी एकही पान गाळलं नाही.