अलार्म दोन सेकंद उशिरा का वाजतो?

आमच्या गुडगावच्या ऑफिसात एअरकंडिशनर कमी आणि किस्से जास्त. त्यातले निम्मे नाडकर्णी सरांचे. सरकारी नोकरी सोडून या काचेच्या बिल्डिंगमध्ये आलेले. मला वडीलधाऱ्यांचे उपदेश सहन होत नाहीत, सरांनी ते कधी केलेच नाहीत!

आम्ही हॉस्पिटलसाठी मॉनिटर बनवत होतो. पेशंटची नाडी घसरली की अलार्म वाजायला हवा. कधीकधी तो दोन सेकंद उशिरा वाजे. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर ऑर्डर रद्द!

*

मी पहिल्याच दिवशी ऐकवलं, "सर, अलार्मची सरासरी वेळ एकदम मस्त आहे!"

"सरासरी पेशंट कुठल्या वॉर्डात असतो गं?"

*

अलार्मचा प्रोग्राम वेळेवर जागा व्हायचा, पण प्रोसेसर त्याला पाळीच द्यायचा नाही. कोण कधी जागं झालं, कोणाला कधी पाळी मिळाली, ही सगळी नोंद सरांनी छापून कॉरिडॉरभर अंथरली. हातात लाल पेन्सिल, पाय अनवाणी.

मॅनेजर खन्ना आले. "नाडकर्णीजी, नया टूल मँगवा लें?"

"बिल्कुल. तब तक जूते उतारके आइए."

*

मी शहाणपणा केला. प्रत्येक पाळीला स्क्रीनवर एक ओळ छापायला लावली. उशीर दोनाचा पाच सेकंद! "सर, दोष सापडला!" मी ओरडले.

"ताप मोजतेयस, की पेशंटच्या छातीवर बसलीयस?"

छापण्यातच वेळ जात होता. मग नोंदी मेमरीत ठेवल्या, नंतर सावकाश वाचल्या.

*

शुक्रवारी सकाळी चोर सापडला. डिस्कचं उत्तर येईपर्यंत बाकी सगळ्यांना अडवून धरणारा जुना कोड. वर लिहिणाऱ्याचं नाव: नाडकर्णी.

मी ते नाव पुसायला निघाले. सर म्हणाले, "राहू दे."

मीटिंगमध्ये हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किसने लिखा था?"

खन्ना घाईघाईने म्हणाले, "वो तो छोड़के चला गया, मैडम."

"फिर ठीक कौन करेगा?" बाईंनी ऑर्डरची फाइल मिटली.

सर उभे राहिले. "गया नहीं, मैडम. मैंने लिखा है, मैं ही ठीक करूँगा. जाँचेगी ये लड़की. मेरा ज़रा भी लिहाज़ नहीं करती."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, फाइल उघडली आणि सहीसाठी माझंच पेन मागितलं!