पकडतो आणि सोडून देतो

हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही हर्षदाला ओळखत नाही म्हणून, बहुतेक. तिला ओळखणारं माणूस समोर असलं की मी आधी त्याचा चेहरा निरखते — याला काही ठाऊक आहे का? हिच्या कानावर काही आलंय का? अशी सवयच लागली आहे मला.

मी केमिस्ट. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत एका कारखान्याचं स्वतःचं छोटं वीजघर आहे, तिथे नोकरीला. वीजघराच्या चिमणीतून धूर निघतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, हे आमच्या विभागाचं काम. एका उंच टॉवरमध्ये धूर खालून वर चढतो, वरून शॉवरसारखं एक रसायन पडत असतं, ते त्या वायूला धरून ठेवतं. मग दुसऱ्या टॉवरमध्ये रसायन तापवलं की वायू पुन्हा सुटा होतो, अगदी शुद्ध. तो दाबून टाक्यांत भरायचा आणि कोल्ड्रिंकवाल्यांना द्यायचा, असं ठरलं होतं.

ठरलं होतं. टाक्या आल्याच नव्हत्या. मग पकडलेल्या वायूचं काय करायचो? मागच्या बाजूला एक पाइप होता, त्यातून परत हवेत. पाहुणे यायचे, हेल्मेट घालून फोटो काढायचे, स्क्रीनवरचे आकडे बघून खूश व्हायचे. मागच्या बाजूला त्यांना कोणी नेत नसे. मीच त्यांना फिरवायचे, आणि मीही नेत नसे.

हर्षदा म्हात्रे माझ्या हाताखाली होती. डिप्लोमा केलेली, कॉन्ट्रॅक्टवर, खाडीकडच्या जुन्या गावातली. आमच्या रसायनाला नासलेल्या मासळीसारखा उग्र वास असतो. पहिल्याच दिवशी नाक मुरडून म्हणाली, "ताई, आमच्या घरी ह्याला कोलंबी उतरली म्हनतात." मी खूप हसले होते. दोघींचे डबे एकत्र उघडायचे. माझ्या मुलीला ताप आला तेव्हा माझी ड्युटी तिनं केली होती, न सांगता.

मग ती बातमी आली. आतल्या पानावर, पण मोठी. धुरातला वायू पकडल्याचा गाजावाजा आणि मागच्या दारानं तोच हवेत. लिहिणाऱ्याला सगळं माहीत होतं, पाइप कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा.

आमचे मॅनेजर देसाईसाहेब. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "आपल्यातलं कोण?" मी म्हणाले, सांगता येत नाही. उठता उठता मात्र — हे उठता उठता बोलणं मी मुद्दाम केलं की आपोआप झालं? — म्हणाले, "हर्षदाचा चुलतभाऊ त्यांच्या गावच्या समितीत आहे ना, प्रदूषणाच्या तक्रारी करणाऱ्या."

एवढंच. खोटं काहीच नव्हतं त्यात. भाऊ होता, समिती होती.

त्यानंतर मी तिच्यावर नजर ठेवू लागले. ती फोन घेऊन बाहेर का जाते? मी आले की बोलणं का थांबवते? दुपारी गेटवर तिला भेटायला आलेला तो माणूस कोण? (तिच्या घराच्या दुरुस्तीचा मिस्त्री होता तो.) प्रत्येक गोष्टीला वास यायला लागला. साहेबांनी विचारलं की मी बघितलेलं सांगायचे. फक्त बघितलेलं.

चौकशी अजून चालू होती, तेव्हा आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत लिफ्टपाशी सावंतकाका भेटले. रिटायर्ड, चौथ्या मजल्यावरचे. हळूच म्हणाले, "वाचलंस ना? माझ्या पुतण्यानं पेपरात काय झकास लिहिलंय! तुझं नाव येऊ दिलं नाही हां मी, टेन्शन घेऊ नकोस."

बातमी येण्याआधी, सव्वीस जानेवारीला सोसायटीत झेंडावंदन झालं होतं. नंतर चहा-वडे. काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, किती वायू पकडता तुम्ही?" मला मिरवायचं होतं, आतलं माहीत असणारी बाई म्हणून. मी म्हणाले, "पकडतो आणि सोडून देतो, काका!" सगळे हसले. मग रंगात येऊन बाकीचंही सांगितलं — टॉवर, टाक्या, मागचा पाइप.

म्हणजे मला लिफ्टपाशी कळलं, असं तुम्ही समजाल. मीही स्वतःला वर्षानुवर्षं तसंच सांगत आले. की आधी खरोखरच तिच्यावर संशय होता, नंतर कळलं, आणि तोवर उशीर झाला होता.

नाही. तसं नाही झालं.

बातमीचा मथळाच होता, 'पकडतो आणि सोडून देतो'. माझंच वाक्य, जसंच्या तसं. पेपर उघडला त्या सकाळी, हातातला चहा संपायच्या आत, मला कळलं होतं. केबिनमध्ये गेले ती सगळं माहीत असताना गेले. हर्षदाच्या भावाचं नाव घेतलं ते माहीत असताना. आणि मग तिच्यावर जो संशय घेतला ना, तो खराच घेतला! कसं सांगू? तो घेतल्याशिवाय मला तिच्यासमोर डबा उघडता आला नसता. ती गुन्हेगार असायलाच हवी होती. मी दिवसभर शोधत राहायचे, काहीतरी सापडावं म्हणून.

काही सापडलं नाही. तरी शेवटी साहेबांनी दोघींना समोरासमोर बसवलं. हर्षदा ऑफिसात नीट, पुस्तकी बोलायची. त्या दिवशी तिला ते जमेना. माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, मी नाय बोलले कोनाला. तुमी सांगा ना सायबांना. तुमाला तर माहीत हाय मी कशी हाय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाच्या काचेकडे बघत म्हणाले, "मी कोणाची खात्री कशी देणार?"

तिचं कॉन्ट्रॅक्ट थांबलं. नंतर कुठल्याच कारखान्यात तिला घेईनात, या पट्ट्यात सगळे एकमेकांना फोन करून विचारतात. तिच्या भावाशीही घरात वाजलं — तुझ्यामुळे नोकरी गेली म्हणून. आमच्याकडे मात्र बातमीमुळे वरून दट्ट्या आला, टाक्या आल्या, आता वायू खरोखर भरला जातो. मला बढती मिळाली. पाहुण्यांना मी मागची बाजूसुद्धा दाखवते.

गेल्या उन्हाळ्यात आंबे घ्यायला एपीएमसी मार्केटला गेले होते. पेट्यांच्या गर्दीतून "ताई!" अशी हाक आली. हर्षदा. लग्न झालंय, उलव्याला राहते, घरी शिकवण्या घेते. छान दिसत होती. माझ्या मुलीची चौकशी केली. मी हसत होते आणि आत एकच — हिला कळलंय का? ही मला खेळवतेय का?

मग ती जरा थांबून म्हणाली, "ताई, तेव्हा तुमच्यावर पन डाऊट घेतला असंल ना त्यांनी? मी तुमच्या एवढी जवळची. लय त्रास झाला असंल तुमाला."

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. टोमणा शोधला. बराच वेळ शोधला.

"हो गं," मी म्हणाले, "झाला थोडा."

तिनं माझा हात हातात घेऊन दाबला. मी तो तसाच राहू दिला.