काचेच्या मजल्यावरच्या भोंगाबाई

भोंगाबाई हे नाव त्यांना ट्रक ड्रायव्हरांनी ठेवलं होतं आणि त्यांनी ते दागिन्यासारखं मिरवलं. मालवाहतूक कंपनीचं जुनं ऑफिस गोदामाला चिकटून होतं. खिडकीतून हात बाहेर काढला तर उभ्या ट्रकला लागावा, इतकं जवळ. कुठला माल कुठल्या गाडीत चढवायचा हे बाईंनी ठरवायचं आणि ओरडून सांगायचं. माईक होता, पण तो कायम बिघडलेला असे आणि बाईंचं त्यावाचून काही अडत नसे. "अहो निळे ट्रकवाले, झोपलात का? मागं घ्या, मागं!" अशी हाक गेली की निळा ट्रक तर हलायचाच, शेजारचा पिवळाही उगाच दचकून मागं सरायचा.

मग कंपनीची भरभराट झाली आणि ऑफिस एका उंच काचेच्या इमारतीत गेलं. इतक्या उंचावर, की खालची माणसं ओळखू यायची नाहीत, नुसती हलताना दिसायची. ट्रक आता पडद्यावरचे ठिपके झाले होते. ठिपक्याला हाक मारून काय उपयोग? बटण दाबायचं, ठिपका वळायचा. खिडक्या उघडत नव्हत्या. भिंती नव्हत्या, नुसत्या टेबलांच्या रांगा, आणि प्रत्येकाच्या कानावर हेडफोन. शेजारच्याला काही विचारायचं तरी पडद्यावर लिहून विचारायची पद्धत होती.

पहिल्याच आठवड्यात बाई कशावरून तरी खळखळून हसल्या आणि अख्ख्या हॉलच्या माना वळल्या. साहेब जवळ येऊन अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, इथं लोक काम करतायत." जणू बाई आजवर खेळत होत्या! पुढं त्यांना आवाजाच्या प्रशिक्षणालाही पाठवलं. तिथं एका तरुणानं त्यांना पोटातून बोलायला शिकवलं, म्हणजे बोललेलं बहुतेक पोटातच राहायचं.

बाई शिकल्या. आधी आवाज खाली आला. मग वाक्यं तोकडी झाली. मग मनात आलेली गंमतही, कोणाला सांगायची नाही तर कशाला, म्हणून मनातच विझू लागली. हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. आलं ते नवऱ्याच्या. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि माणूस स्वभावानं भित्रा.

एका संध्याकाळी जेवताना त्यानं विचारलं, "अगं, आपलं भांडण झालंय का?"

"नाही हो. का?"

"मग कुजबुजतेस कशाला? माझ्या हातून काहीतरी घडलंय असं धरून मी कधीचा जपून वागतोय."

बाई हसल्या, पण ते हसूही नाकातून आलं. आपलंच हसू त्यांना परक्या बाईचं वाटलं.

ऑफिसात त्यांच्या शेजारी मफलर बसत. जुन्या ऑफिसातले एवढे एकच उरले होते. यंत्राच्या गार हवेनं मान धरते म्हणून बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून हे नाव. एके दुपारी मनुष्यबळ विभागातली मुलगी आणि एक सुरक्षारक्षक त्यांच्या टेबलाशी आले. मुलीनं वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मफलर उठले. कप, टाचण्यांची डबी, नातीचा फोटो असं एकेक उचलून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरू लागले. हॉलभर सगळ्यांचे डोळे पडद्याला चिकटलेले.

बाईंचेही. त्यांनी भराभर टाइप करून मफलरना विचारलं, 'काय झालं?' आणि मान वळवून पाहिलं तर मफलरांचा पडदा काळा पडलेला. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला आपण बंद यंत्रावर लिहून विचारतोय! त्या उठल्या.

"मफलर!"

पहिली हाक फाटली. दुसरी बरोबर निघाली.

"अहो मफलर! असे चोरासारखे कुठं निघालात? काय चोरलंत?"

मुलगी घाबरली. "मॅडम, प्लीज, तुम्ही खाली बसा."

"बसते. आधी माणसाला निरोप देऊ दे." बाईंनी खोकं उचलून सुरक्षारक्षकाच्या हातात दिलं. "धरा हो जरा, तुमचे हात रिकामेच आहेत." मग हॉलकडे वळल्या. "हे मफलर. गोदामात पाणी शिरलं तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून यांनी माल बाहेर काढला होता. आज यांना काढलंय. का ते मला माहीत नाही. पण काढलंय हे दिसतंय ना सगळ्यांना? मग न दिसल्याचं सोंग कशाला?"

कोणीतरी हेडफोन उतरवला. कोपऱ्यातली एक नवीन पोरगी उभी राहिली. मग दोघं, चौघं, अख्खी रांग. लोक येऊन मफलरांचा हात हातात घेऊ लागले. मफलरांनी मफलरालाच डोळे पुसले आणि बाईंना दटावलं, "आता तुम्हीही याच खोक्यात बसून माझ्याबरोबर जाणार बघा!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाईंना काचेच्या खोलीत बोलावलं.

"तुमच्यामुळं वातावरण बिघडलं, मॅडम."

"वातावरण इथं होतं कुठं, साहेब? ते तर यंत्रातून येतं."

साहेबांनी सगळ्यांची माफी मागायला सांगितली. भावनेच्या भरात झालं एवढंच म्हणा, विषय मिटला.

"शुद्धीत केलंय सगळं," बाई म्हणाल्या. "आणि माफी कशाची मागू? मी मोठ्यानं बोलले त्याची, की लोकांना ऐकू आलं त्याची?"

त्यांची बढती अडली आणि टेबल प्रिंटरांच्या मागं, अडगळीत गेलं. पण त्या अडगळीत हळूहळू माणसं येऊ लागली. कागद घ्यायचं निमित्त करायचे आणि आईचं आजारपण, घरातली कटकट, काय काय बोलून जायचे. बाई पूर्वीसारख्या खदखदून हसू लागल्या. आणि कोणाला काढलं की मजला उभा राहायचा, हे आता कोणाला सांगावं लागत नव्हतं.

कंपनीही काही दुधखुळी नव्हती. तिनं लोकांना सुट्टीच्या दिवशी, घरी फोन करून काढायला सुरुवात केली. म्हणजे निरोप नको आणि गोंधळ नको.

भीती बाईंनाही वाटायची. लिफ्ट वर चढू लागली की त्या पर्समधलं ऑफिसचं कार्ड चाचपून बघायच्या.

"तुला काढलं तर गं?" नवरा विचारायचा.

"काढलं तर दुकानात येऊन चष्मे पुसेन."

"नको बाई. तू बोललीस की काचा तडकतील."

फोन आलाच. सुट्टीची दुपार होती, मनुष्यबळ विभागातली तीच मुलगी बोलत होती. "मॅडम, तुमच्याशी थोडं..."

"कळलं मला. पण हे फोनवर नाही. उद्या येते, समोर उभी राहून सांग."

"त्याची गरज नाही, मॅडम. तुमच्या वस्तू आम्ही घरपोच पाठवू."

"वस्तू राहू देत गं. मी येणार आहे."

सकाळी त्यांचं कार्ड चाललं नाही. तळमजल्यावरच्या फाटकाशी तोच सुरक्षारक्षक होता. तो स्वतःचं कार्ड पुढं करू लागला तर बाईंनी त्याचा हात धरला. "उगाच नोकरी घालवून बसाल. तिला खाली बोलवा."

मुलगी खाली आली. बाजूच्या खोलीत चला म्हणाली. बाई जागच्या हलल्या नाहीत. तळमजल्याचं छत इतकं उंच होतं की साधं खोकलं तरी घुमावं. कामावर येणारे लोक थबकू लागले.

"मला हे वाचून दाखवावं लागतं," मुलगी पुटपुटली.

"वाच की. फक्त मान वर करून वाच."

तिनं वाचलं. शेवटाला येईतो तिचे डोळे भरले. "मॅडम, मलाही एक दिवस असाच फोन येईल अशी धास्ती असते हो."

"आला तर फोनवर ऐकून घेऊ नकोस," बाई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

भोवती तोवर चांगलीच गर्दी जमली होती. कोणी वर जाईना. बाई एकेकाचा निरोप घेत होत्या, कोणाला चिडवत होत्या, कोणाला दम भरत होत्या, आणि त्यांचं हसू छतापर्यंत घुमत होतं. लिफ्ट उघडली आणि साहेब बाहेर आले. सगळ्यांदेखत पाठ फिरवणं जमेना म्हणून त्यांनी हात पुढं केला, आणि सवयीनं म्हणाले, "हळू बोला, मॅडम."

"आता कशाला?" बाईंनी विचारलं.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. दुकानात त्यांचं मन रमेना, आणि या वयात नवी नोकरी कोण देतो? बऱ्याच खेट्यांनंतर एका लहानशा कंपनीत मुलाखतीला बोलावलं. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, जुनी नोकरी का गेली?

"मोठ्यानं बोलते म्हणून."

गृहस्थ हसले. त्यांना ती गंमत वाटली. बाई मात्र हसल्या नाहीत.

"इथंही बोलेन," त्या म्हणाल्या. "चालणार असेल तर बघा."